आतल्या कडीचा दरवाजा

या घरातला जिना, दोन कपाटं, जेवणाचं टेबल, चार खुर्च्या (एक किंचित डुगडुगते, ती तापात असताना केली), मुलीचा पाळणा आणि सातही दरवाजे मी माझ्या हातांनी केले. कोणाकडे शिकलो नाही. वय छप्पन्न, धंदा सुतारकाम. डोकं ताळ्यावर आहे, कोणाचा दाब नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक एकुलत्या एका मुलीला. विकावं की ठेवावं, तिची मर्जी. जिन्याला मात्र रंग फासू नये, पॉलिश करावं.

२. हत्यारं धाकट्या मेव्हण्याला. तो मला तोंडावर हेकट म्हणाला होता. खरं बोलणारा तेवढाच निघाला. दोन पटाश्या त्याने मागून नेल्या आहेत, त्याही त्याच्याच समजाव्यात.

३. न्हाणीघराचा दरवाजा. भरीव लाकूड, जाडी दीड इंच, कडी फक्त आतून. बायको म्हणाली होती, "अहो, बाहेरूनही उघडेल असं काहीतरी करा. आत कोणी पडलं तर?"

"माझं काम आहे ते. अडकत नाही," मी म्हणालो.

अडकला नाहीच. ती आत पडली तेव्हा कडी लावलेली होती, आणि दरवाजा फोडायला मला एकेचाळीस मिनिटं लागली. बिजागऱ्या आतल्या बाजूला घेतल्या होत्या, चोराला काढता येऊ नयेत म्हणून. पहिली वीस मिनिटं ती बोलत होती. "सावकाश, हाताला लागेल," म्हणत होती.

फुटलेली फळी बदलून तोच दरवाजा मी पुन्हा बसवला. मुलगी म्हणाली, "बाबा, तो काढा, नाहीतर मी या घरात पाऊल ठेवणार नाही." तीन वर्षं झाली. मी काढला नाही, ती आली नाही. माझ्यामागे तिने तो जाळावा. माझा हात चालत नाही.

४. मी सावरलो होतो, असं कोणी चारचौघांत बोलू नये.

स्थळ: राहतं घर. तारीख चौदा, बुधवार.
लिहून देणार: सुतार (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), हार्डवेअरचे दुकानदार (सही)

सह्या झाल्यावर शिंपी म्हणाले, "सिनेमावालीचंही लिही. पोरीला दुसऱ्याकडून कळायला नको." म्हणून दोघांसमक्ष हे वाढवतो.

५. गेल्या महिन्यात मुलीने एका दिग्दर्शिकेला माझ्याकडे पाठवलं. आमच्याच घरावर सिनेमा. शेवटी नवरा दरवाजा उतरवतो आणि हसतो. मी विचारलं, "हसतो कशाला?"

"काका, माणूस पुन्हा जगायला लागतो, हे लोकांना बघायचं असतं."

"शेवट बदला आणि गोष्ट फुकट घ्या," मी म्हणालो. त्या नाही म्हणाल्या. दरवाजा मी स्वतः कॅमेऱ्यासमोर उतरवायचा, हसायचं, आणि त्या दिवशी मुलगी घरी येऊन माझ्या शेजारी उभी राहील, असा प्रस्ताव होता. मी नाकारला. रक्कम अकरा लाख.