नात अजून बिननावाची

सांगवी,
ता. ११ मे २०२५

चि. सौ. सगुणास सुमनताईचे आशीर्वाद. आशीर्वाद मनापासून आहेत, मजकूर मात्र रागाचा आहे, तेव्हा खाली बसून वाच. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू रडतेस आणि माझं भांडण अर्धंच राहतं.

तुमच्या शेजारचे उद्धवराव परवा मला बघायला आले होते. तुझ्या नातीच्या बारशाला पोटभर जेवलो, असं सांगून गेले. तुझ्या रविराजला बहीण नाही. मग माझ्या एकुलत्या भावाच्या नातीला नाव ठेवायचा मान आत्या म्हणून कोणाचा होता?

का बोलावलं नाहीस ते कळतं. विधवा बाई, त्यात एचआयव्ही. वीस वर्षं रोज गोळ्या घेते, रक्तात विषाणू आता मोजण्याइतकाही सापडत नाही, आणि मांडीवर घेतल्याने बाळाला काही होत नाही, हे तुला तीनदा सांगितलं आहे. रविराजच्या हळदीला मला मागच्या खुर्चीवर बसवलंस, ते गिळलं. हे गिळणार नाही.

आजारपणाची सबब सांगू नकोस. पहिल्या डॉक्टरने फाइलवर एचआयव्ही वाचलं आणि तपासणीआधीच मणक्याचा टीबी म्हणून औषध सुरू केलं. सहा आठवडे पाय बधिर होत गेले. शेवटी कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत त्याला झापला आणि मणक्यातला तुकडा तपासायला लावला. लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सर. आम्हा एचआयव्हीवाल्यांत तो जास्त होतो, हे त्याला मी सांगायचं! चार केमो झाल्या, दोन उरल्या. केस गेले, जीभ शाबूत आहे.

बाळाला पापा. तुला काय द्यावं ते उत्तर आल्यावर ठरवीन.
सुमनताई

चाकण,
ता. १८ मे २०२५

ती. वन्संना सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र रविराजनं सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. हे दोनदा हसले आणि मग डोळे पुसत गोठ्याकडं गेले.

वन्सं, बारसं झालेलंच न्हाई. उद्धवराव जेवून गेले ती पाचवी. गड्यांना ताट दिसतं, कार्य दिसत न्हाई. पोरगी दीड महिन्याची झाली तरी बिननावाची. रविराज तिला पार्सल म्हणतो. जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे.

पण खोटं लिहिणार न्हाई. भीती मला होती. दुसऱ्या कुणाला तरी आत्या म्हणून बसवू, असं मीच म्हणाले होते. सूनबाई सुप्रिया बाळंतिणीच्या खाटेवर उठून बसली. म्हणाली, आत्याबाईंची केमो संपू दे, तोवर पोरगी अशीच राहील. तुम्हाला कळवायचं मात्र मीच लाजेनं लांबवलं. लसीला गेलो तर तिथल्या सिस्टरला तिनं माझ्यादेखत सगळं विचारलं. सिस्टरनं तुमचंच सांगितलं, शब्दाला शब्द. तुम्ही तीनदा सांगितलेलं मला परक्या बाईकडून पटलं, त्याचा राग वेगळा धरा.

हळदीचं विसरा असं म्हणत न्हाई. ठेवा मनात. पण या.

माया कमी करू नका, एवढंच मागणं.
तुमची सगुणा

सांगवी,
ता. २७ जुलै २०२५

चि. सौ. सगुणास भरघोस आशीर्वाद.

सहावी केमो पार पडली. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही. गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत, दिसत नाही म्हणतात. दर तीन महिन्यांनी बोलावलं आहे. पायांना जाग आली आहे, काठीने जिना उतरते. उद्धवरावांना मात्र बारशाला नुसता चहा द्यायचा.

येत्या रविवारी गाडी पाठवा. माणसं मोजकी बोलव, सर्दी-खोकल्याचं कोणी नको. जंतू तुमच्याकडून मला लागायची भीती आहे, असं डॉक्टर म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी असं उलटं बोललं, मला फार बरं वाटलं!

नाव ठरलं आहे. सुप्रियाने फोनवर काढून घ्यायचा प्रयत्न केला, मी दाद दिली नाही. ते आधी पोरीच्या कानात, मग तुमच्या.

एक अडचण आहे. मणक्याला पट्टा आहे आणि वाकायला सक्त मनाई, त्यामुळे पाळण्यातून तिला मला उचलता येणार नाही. मी खुर्चीवर बसेन. पुढच्या खुर्चीवर, हे सांगायला नको. सुप्रियाने नाही, रविराजनेही नाही, सगुणा, पोरीला तू उचलायचीस आणि तुझ्या हाताने माझ्या मांडीवर द्यायचीस.

वाट बघते.
तुझी वन्सं