राजाच्या पदकाचा वारस

मी, आकाराम केरबा साळोखे, निवृत्त हवालदार, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. बुद्धी ठिकाणावर आहे, दात निम्मेच आहेत. कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की:

१. घर व पोस्टातली शिल्लक मुलगा बाळासो व मुलगी नंदिनी यांना निम्मी निम्मी. सायकल दुरुस्तीची हत्यारे शेजारी फक्रुद्दीन पटवेगार यास. मोठा पान्हा आधीच त्याच्याकडे आहे. विचारले की नाही म्हणतो.

२. इटलीत जखमी सुभेदारांना खांद्यावरून आणले म्हणून इंग्रज राजाने मला चांदीचे पदक दिले. त्या राजाला मी कधी पाहिले नाही, त्यानेही मला. तरी ते छातीवर आले आणि मी त्याचा माणूस झालो. पुढे काश्मिरात तिरंग्याखाली लढलो, तेव्हा छाती तीच, पदकही तेच. एवढ्याशा धातूने माणूस कुणाचा हे कसे ठरते, याचे मला अजून नवल वाटते. माझी पत्नी कै. तानाबाई दर खंडेनवमीला ते शस्त्रांत मांडून त्यावरच्या राजाच्या कपाळाला हळदकुंकू लावी. आधी चिंचेने घासे. त्यात राजाचे नाक गेले. मी तिला अडवले नाही.

३. बाळासो हेडमास्तर आहे. "गुलामीचा बिल्ला लावून माझ्या शाळेत येऊ नका," असे तो मला म्हणाला. तेव्हापासून झेंडावंदन मी फाटकाबाहेर उभा राहून करतो. हे मला फार लागले आहे. पलटणीचा रिवाज असा, की आपले पदक डाव्या छातीवर, मेलेल्याचे त्याच्या घरच्यांनी उजव्या छातीवर लावायचे. माझ्यामागे पहिल्या पंधरा ऑगस्टला बाळासोने ते लावून शाळेत उभे राहावे. तो नाही म्हणाला तर नंदिनीने.

४. इथवर लिहिले आणि साक्षीला हंबीरराव आला. बेचाळीसला याच राजाविरुद्ध तुरुंगात गेलेला, सरकारचा ताम्रपट मिळालेला. वाचून म्हणाला, "मरायची वाट कशाला बघतोस? औंदा बाळासोच्या शाळंत झेंडा मीच चढवणार हाय. पदक लावून माझ्या शेजारी हुबा ऱ्हा. पोरगं काय बोललं तर म्हणावं, आधी ह्या हंबीररावाला भाईर काढ."

"आरं, तुला जेलात घालणारा राजा हाय त्यो."

"म्हणूनच की! बघू दे त्याला, झेंडा कुणाचा चढतोय त्यो."

सबब कलम तीन तूर्त रद्द. पदक डाव्या छातीवर राहील.

सही: आकाराम केरबा साळोखे
साक्षीदार: हंबीरराव माने, फक्रुद्दीन पटवेगार (पान्ह्याचा मजकूर अमान्य)
कोल्हापूर, २ ऑगस्ट १९७८