तीन बोटांची मूठ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, पूल खेळण्याच्या काठ्या म्हणजे क्यू घडवणारा कारागीर, माझी अखेरची इच्छा स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. हृदय तितकेसे नाही, म्हणून हा खटाटोप. डॉक्टरांनी मला तपासून ‘शुद्धीत आहेत आणि हट्टी आहेत’ असे तोंडी सांगितले. दाखल्यावर त्यांनी त्यातले पहिलेच लिहिले आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणला असता तर यातले काही एकवीस वर्षे आधीच लिहून झाले असते.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फक्त वस्तू वाटल्या होत्या.

कलम एक. दोन खोल्यांचे राहते घर माझ्या पुतणीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. माझी पत्नी आठ वर्षांपूर्वी गेली. आम्हाला मूलबाळ नाही. पत्नीची शिवणाची टोपली खिडकीत आहे तिथेच राहिली तर बरे, पण सक्ती नाही. बँकेत जे उरेल तेही पुतणीचेच.

कलम दोन. पटाशा, रंधे आणि कानशी शेजारच्या फर्निचरवाल्याला द्याव्यात. त्याने सोळा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला माझा मोठा क्लॅम्पसुद्धा मी त्यालाच देत आहे, म्हणजे निदान आता तरी तो त्याचा होईल. पूल क्लबच्या जुन्या मॅनेजरने माझ्या काठ्यांवरची खूण घासून तिथे स्वतःची खूण उमटवली होती, ते मी विसरलेलो नाही. त्याला माझ्या अंत्ययात्रेला येऊ द्यावे, पण पुढे चालू देऊ नये.

कलम तीन. कारखान्यातील लेथ, मोटारीसह, पुतणीला. या लेथबरोबर त्याची खरी हकीकतही द्यायला हवी. ती अशी.

धाकटा माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्ही दोघे एकत्र काम करायचो. मी लाकूड निवडायचो, जोड बसवायचो. तो लेथवर काठी घासून निमुळती करायचा. काठी किती उतरली हे तो मापाने कमी आणि तळव्याने जास्त ओळखायचा. संध्याकाळी तीच काठी घेऊन तो खेळायला उभा राहिला की टेबलाभोवतीची बडबड आपोआप थांबायची. आपला भाऊ आपल्याहून सरस आहे हे मला त्या शांततेत कळायचे, आणि ते मला नेहमीच आवडायचे असे नाही.

लेथच्या ज्या भागात लाकूड पकडून फिरवतात त्यावर लोखंडी झाकण असते. त्याला आम्ही गार्ड म्हणतो. आमच्या लेथबरोबर तो आला होता. मी तो बसवला नाही. तो लावला की काठीचे टोक नीट दिसत नाही, काम रेंगाळते, असे माझे म्हणणे. धाकट्याने दोनदा विचारले, ‘दादा, गार्ड लावायचा ना?’ दोन्ही वेळा मी म्हणालो, ‘लावू रे, काय घाई आहे.’

एका मंगळवारी सकाळी तो पॉलिश पेपरची पट्टी बोटांवर घेऊन काठी घासत होता. पट्टी लाकडाला गुंडाळली गेली आणि तिने त्याचा हात आत ओढला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट गेले. त्याच हाताने तो काठीची मूठ धरायचा.

तो इस्पितळात असताना चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी मला विचारले, ‘गार्ड होता का?’ मी म्हणालो, ‘होता. त्यानेच काढून ठेवला असावा. जरा बेफिकीर आहे तो.’ कारखान्याला टाळे लागेल या भीतीने मी खोटे बोललो. माझा परवाना वाचला. अहवालात लिहिले गेले की कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, आणि त्याला भरपाई नाकारली गेली. कामगार म्हणजे माझा सख्खा भाऊ.

धाकटा बरा होऊन आला तो कारखान्यात परतलाच नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याने नोकरी धरली. खेळणे सोडले. आमच्यात भांडण झाले नाही. लग्नकार्यात भेटायचो, ‘कसा आहेस’ विचारायचो. पण कारखान्यावरून जाताना तो कधी आत बघायचा नाही.

त्याची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. विसाव्या वर्षी ती माझ्याकडे काम शिकायला आली. धाकट्याने तिला अडवले नाही. पहिल्याच दिवशी लेथपाशी उभी राहून ती म्हणाली, ‘काका, काळजी करू नका. मी बाबांसारखी गाफील राहणार नाही.’ मी तिला मोटारीचे बटण कुठे आहे ते दाखवले. दुसरे काही बोललो नाही. खोटे बोललो होतो त्या दिवसाइतकीच मला या दिवसाची लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी माळा साफ करताना तिला एक खोका सापडला. त्यात तो गार्ड होता, तेलकट कागदात गुंडाळलेला. स्क्रूंची पुडीसुद्धा फोडलेली नव्हती. ती खोका घेऊन खाली आली आणि तिने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

‘काका, हा कधी बसवलाच नव्हता?’

मी म्हणालो, ‘नाही.’

तिने पुडी पुन्हा खोक्यात ठेवली. मग म्हणाली, ‘बाबांना हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.’ त्या दुपारी तिने स्वतःच गार्ड लेथला बसवला. तो काढू नये. ही माझी विनंती नाही, अट आहे.

कलम चार. एका काठीविषयी.

मी धाकट्याला सांगायला गेलो नाही. त्याऐवजी त्याच्यासाठी काठी करायला घेतली. काठी दिली की बोलावे लागणार नाही, असे काहीतरी माझ्या मनात असावे. लाकूड महिन्याभरात झाले. मूठ व्हायला दोन वर्षे लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काठीच्या मागच्या भागावर, जिथे हात धरतो तिथे, लाकडात उथळ खाच घेऊन वेष्टन बसवतात. गिऱ्हाईक येते आणि रंग विचारते. मी आधी हात बघतो. तळव्याला घाम येत असेल तर लिननचा दोरा, कारण तो घाम पितो. हात कोरडा असेल तर चामडे. काहींना कॉर्क आवडतो, काहींना नुसते लाकूड. पण अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, एवढ्यांनीच काठी धरायची तर काय बसवावे हे मला कोणी शिकवले नव्हते, आणि ज्याला विचारायचे त्याला विचारायची माझी हिंमत नव्हती.

मी उजव्या हाताची दोन बोटे पट्टीने तळव्याशी बांधली आणि रोज दुपारी कारखान्यातल्या पूलच्या टेबलावर खेळू लागलो. दोरा पहिल्याच आठवड्यात बाद झाला. तीन बोटांनी काठी फार घट्ट दाबावी लागते. दोऱ्याचे वळ मांसात उमटायचे आणि तासाभरात करंगळी बधिर व्हायची. गुळगुळीत चामडे हातात फिरायचे. कॉर्क उबदार, मऊ, पण पट्टा जिथे संपतो तिथे त्याचे कण सुटायचे. रबर बसवून बघितले. त्यामुळे फटका मारताना काठी पुढे सरकेना. सगळे काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, असे किती वेळा केले ते सांगता येणार नाही. एकदा पट्टी सोडताना माझी दोन्ही बोटे आखडलेली निघाली. ती हळूहळू उघडली. धाकट्याची उघडणार नव्हती. हे मला इतकी वर्षे माहीत होते, पण कळले त्या दिवशी.

शेवटी असे केले: खाच जास्त खोल घेतली, खाली कॉर्कचा पातळ थर, त्यावर बकऱ्याचे चामडे, उलट्या बाजूने, म्हणजे खरखरीत अंग बाहेर. मूठ थोडी जाड झाली, दाबावी लागेना. चामड्याच्या कडा जिथे मिळतात तो सांधा मी करंगळीशेजारच्या बोटाखाली येईल असा ठेवला.

पुतणी म्हणाली, ‘सांधा बोटाला लागतोय? काका, तुम्हीच शिकवलंत ना, सांधा लपवायचा.’

‘डोळ्यापासून लपवायचा,’ मी म्हणालो. ‘बोटाला तो सापडायला हवा. म्हणजे काठी हातात फिरली तर लगेच कळेल.’

तिने मुठीवर हात फिरवून बघितला. ‘चांगली झालीय. आता पुढे काय?’

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली. गेल्या महिन्यात हृदयाने पहिला इशारा दिला, तेव्हा काठी घेऊन मी धाकट्याच्या घरी गेलो.

तो एकटाच होता. मी काठीचे दोन भाग जोडून ती त्याच्यापुढे धरली. त्याने डाव्या हाताने घेतली, मग उजव्यात बदलली. बोट सांध्यावर आले आणि थांबले.

‘हा सांधा मुद्दाम ठेवलास?’

‘हो.’

‘किती दिवस लागले?’

‘दोन वर्षं.’

‘दोन वर्षं,’ तो म्हणाला. ‘आणि ते एक वाक्य बोलायला अजून किती लागतील, दादा?’

मी उभाच होतो. म्हणालो, ‘गार्ड नव्हता. मी खोटं सांगितलं.’

‘ते मला माहीत आहे. मी तिथेच होतो ना.’

‘मग कधी बोलला का नाहीस?’

‘तू बोलशील म्हणून थांबलो.’

त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली. म्हणाला, ‘पोरगी शाळेत होती तेव्हापासून रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. म्हणायची, बाबा, तुमचं लक्ष नसतं. मी काय सांगणार होतो तिला? तुझा काका खोटारडा आहे? तेही ती माझं सारवासारवीचं बोलणं समजली असती. तीन वर्षं झाली, आता धरत नाही. तेव्हाच ओळखलं, तिला कुठूनतरी कळलंय.’

मी माफी मागितली. माफ केले असे तो म्हणाला नाही. चहा करू का, एवढे विचारले. मी हो म्हणालो. चहा पिताना आम्ही लाकडाविषयी बोललो.

ती काठी त्याच्याकडेच राहिली. ती माझ्या मालमत्तेत धरू नये. क्लबमध्ये तो अजून गेलेला नाही. पुतणी सांगते, दुपारी बाबा स्वयंपाकघराच्या ओट्याशी वाकून नुसतीच काठी मागेपुढे करतात. चेंडू नाही, काही नाही.

कलम पाच. या लिखाणाच्या पहिल्या मसुद्यात कलम तीन एका ओळीचे होते: ‘सदर अपघाताच्या चौकशीत माझ्याकडून अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली.’ आणि कारखान्याची जागा मी धाकट्याच्या नावे लिहिली होती. वकीलबाईंच्या कचेरीत मी तो मसुदा त्याला वाचायला दिला.

त्याने वाचले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘दिली गेली म्हणजे? कोणी दिली?’

‘मी.’

‘मग तसं लिही. आणि हे अनवधानाने?’

मी तो शब्द खोडला. वकीलबाईंनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वरचे कलम तीन मी त्यानंतर लिहिले आहे.

ते वाचून धाकटा बाईंना म्हणाला, ‘याच्यावर साक्षीदार म्हणून मला सही करायची आहे.’

बाई म्हणाल्या, ‘तसं चालणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्हाला तर कारखान्याची जागा मिळतेय. सही केलीत तर ती हातची जाईल.’

‘जाऊ दे.’

मी म्हणालो, ‘अरे, साक्षीदार कोणीही मिळेल. जागा तुझ्या हक्काची आहे. मी आधीच तुझं पुष्कळ नुकसान केलंय, त्यात ही भर नको.’

‘दादा,’ तो म्हणाला, ‘त्या चौकशीच्या कागदाखाली माझी सही कोणी मागितली नव्हती. मी दवाखान्यात पडलो होतो आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं काय ते लिहून टाकलंत. या कागदाखाली मला सही हवी. जागा पोरीला दे.’

बाईंनी माझ्याकडे बघितले. मी होकारार्थी मान हलवली.

त्यानुसार कारखान्याची जागा, त्यातील लाकूड, चामडे, दोरा आणि पाटीसकट पुतणीला मिळावी. पाटीवर माझे नाव ठेवण्याची गरज नाही.

कलम सहा. माझ्या मृत्यूनंतर कलम तीनची एक प्रत, जिथे तो जुना अहवाल ठेवला आहे त्या कचेरीत वकीलबाईंनी नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. कोणी विचारले की आता याचा उपयोग काय, तर उत्तर देत बसू नये. पोच मात्र घ्यावी.

हे सर्व मी समजून-उमजून, जागेपणी लिहिले आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत वाचून दाखवले आहे. वाचताना एका जागी माझा आवाज गेला. तेवढा भाग डॉक्टरांनी वाचला.

ठिकाण: वकीलबाईंची कचेरी, पहिला मजला.
दिनांक: सतरा, सोमवार, दुपारी चार वाजता.

लिहून ठेवणार: (सही) थोरला भाऊ, क्यू घडवणारा

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, पंपघरातील निवृत्त कर्मचारी

वकिलांची नोंद: दुसऱ्या साक्षीदारांची बँकेत व नोकरीत नोंदलेली सही डाव्या हाताची आहे. येथील सही त्यांनी माझ्यासमोर उजव्या हाताने केली आहे. वेळ लागला, परंतु मदत घेतली नाही. अक्षर वेगळे दिसल्यास शंका घेऊ नये. माणूस तोच आहे.