हेमोचे राहिलेले पान

मी, नाझदार अक्सू, वय एकसष्ट, कुर्दी भाषेतील कादंबरीकार, राहणार दियारबकिर, ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. फुप्फुसे थकली आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

१. राहते घर माझा दिवंगत धाकटा भाऊ हेमो याची मुलगी रोजबीन हिला द्यावे. तिने माझ्याशी बोलणे टाकले आहे. त्याने तिचा हक्क कमी होत नाही.

२. पुरस्काराचे पितळी मानचिन्ह समीक्षक शेरवान यांना द्यावे. माझ्या कादंबरीतला फितूर त्यांनी ‘निर्दय पण खरा’ म्हणून वाखाणला होता. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावायला ते बरे पडते.

३. त्या कादंबरीचे सर्व हक्कही रोजबीनला. तुर्की सरकारने आमच्या गावाचे कुर्दी नाव बदलले, म्हणून मी हट्टाने झरे, वाटा, माणसे, सगळ्यांची खरी नावे ठेवली. त्या भरात त्या फितुराचे, म्हणजे माझ्या भावाचेही ठेवले. लष्कराची बंदूक घेऊन आपल्याच लोकांवर पहारा करणारा हेमो.

पुस्तक वाचून तो आला. चहा घेतला आणि म्हणाला, “ताई, सगळं खरं लिहिलंस गं. फक्त तुला लष्कराच्या नाक्यापार करून दिलं, तेवढं राहिलं बघ.”

“पुढच्या आवृत्तीत घालते,” मी म्हणाले.

चार आवृत्त्या निघाल्या. बंदूकवाल्याची बाजू घेतली तर आपलीच माणसे तोंडावर थुंकतील, म्हणून मी भ्याले. हेमो गेला. दुखवट्याचे तीन दिवस चहा उकळत राहिला, प्यायला कोणी फिरकले नाही. रोजबीन म्हणाली, “आत्या, तुझं पुस्तक मला वाचता येत नाही. पण कोणी आलं नाही, ते कळतं ना मला.” भावाला मी जिवंतपणीच गाडले होते.

४. पुढील प्रत्येक आवृत्तीत खालील मजकूर शब्दही न बदलता छापावा. रोजबीनला शाळेने आपली भाषा शिकवली नाही, तेव्हा तिला तो मोठ्याने वाचून दाखवावा:

“नाक्यावर सैनिकांनी मला बसमधून उतरवले. पिशवीत बंदी असलेल्या कुर्दी भाषेतल्या कवितांची वही सापडली. कळताच हेमो गावातून धावत आला. अधिकारी म्हणाला, ‘बंदूक घेतोस, की हिला नेऊ?’ गावावर पहारा करायला लष्कर देत असलेल्या त्या बंदुकीला तीन महिने हेमो नाही म्हणत आला होता. तो म्हणाला, ‘द्या इकडे. ताई, बस सुटेल, चढ तू.’ मी चढले. मागे वळून पाहिले नाही.”

सही: नाझदार अक्सू
आमच्यासमक्ष सही केली: बेरीतान एर्दे, वकील, हाजी मिस्तो, शेजारी
दियारबकिर, ९ मार्च २०२४