विसाव्याची खोली

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! दोन पिशव्या, एक वळकटी आणि अठरा वर्षं हॉस्पिटलात आया म्हणून राबून कमावलेली पाठदुखी, एवढं सामान. घर छान आहे. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर आत काय आहे त्याचं चित्र चिकटवलंय, न्हाणीघरात धरायला दांड्या, उंबरे काढून टाकलेले. इथे तीन मोठी माणसं राहतात. त्यांची बुद्धीची वाढ लहानपणीच अडली, असं कागदावर लिहिलंय. त्यांना त्यांचं त्यांचं जगायला मदत करायची, हे माझं काम. शिवाय पाहुण्यांची एक खोली आहे. घरचे लोक आपलं माणूस आठ-दहा दिवस इथे ठेवतात आणि जरा श्वास घेतात. हे घर चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, त्यांना विसावा नाही मिळाला तर तीही माणसं मोडतात. पटलं मला.

मामा बावन्न वर्षांचे. भेटेल त्याला “जेवलात का?” विचारतात. पहिल्या तासात मला अकरा वेळा विचारलं. मॅडम म्हणाल्या, एकदा उत्तर द्यायचं आणि सोडून द्यायचं. मी अकराही वेळा दिलं. माझं काय जातंय?

राणी तिशीची. केसांना कुणी हात लावलेला खपत नाही. लावला की दोन्ही तळव्यांनी टेबल बडवते, पार बश्या नाचतात. आणि मास्तर. मी फरशी पुसत होते तर मागे हात बांधून उभे. कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “नीट!” खरंच राहिला होता तो कोपरा. हॉस्पिटलातली हेडनर्स परवडली.

बुधवार, ५

मामांना अंडं उकडायला शिकवलं. पाच फुटली, सहावं जमलं. मग आम्ही पाव आणायला गेलो. दुकानदार मला विचारतो, यांना काय हवंय? माझा पारा चढला. म्हटलं, त्यांना विचारा, तोंड आहे त्यांना. मामांनी आधी त्याला जेवलात का विचारलं आणि मग बोट दाखवून पाव घेतला. येताना दोघंही खुशीत.

शनिवार, ८

मामांचा धाकटा भाऊ आला. दारातच उभा राहिला, चप्पलसुद्धा काढली नाही. मामांनी सात वेळा विचारलं, त्याने एकदाही उत्तर दिलं नाही. जाताना मॅडमना म्हणाला, याचं काहीतरी करा हो, डोकं उठतं. मॅडम म्हणाल्या, देऊ या थोडा विसावा.

जिन्यामागे एक खोली आहे. कुणी फार अस्वस्थ झालं की मॅडम तिथे नेऊन बसवतात म्हणे. आम्ही आत जायचं नाही.

सोमवार, १०

दोन ते चार मामा त्या खोलीत होते. बाहेर आले ते भांग पाडून, शर्टाची वरपर्यंत बटणं लावून. मला काही विचारलं नाही. खरं तेच लिहिते, मला बरं वाटलं. घर कसं गार शांत.

सातला जेवायला बसलो. सुपाचा वाडगा कलंडला आणि उकळतं सूप त्यांच्या हातावर सांडलं. ते हाताकडे बघत बसले. हात मागे घेतला नाही, हूं नाही, चूं नाही. मी ओढत नळाखाली नेलं. दुखतंय का विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं भिंतीकडे पाहावं.

मला दुपारी बरं वाटलं होतं. लाज वाटते.

बुधवार, १२

जिन्यामागे फरशी पुसत होते. बंद खोलीतून मामांचा आवाज आला. जेवलात का? जेवलात का?

मला वाटलं, पुन्हा आत बसवलंय. वळून पाहिलं तर मामा समोर जेवणाच्या टेबलाशी. तोंड बंद. आवाज माझ्या पाठीमागे.

मी कडी काढली. आत एक पलंग, एक खुर्ची, वर हातभर झरोका. माणूस नाही. आवाज नाही. दार लावलं. जेवलात का? बादली लवंडली, माझे पाय पाण्यात, आणि मी उभीच.

स्वयंपाकाच्या काकूंना सांगितलं. त्या भाजी चिरत राहिल्या. म्हणाल्या, दुपारी रेडिओ मोठा का लावते असं वाटलं तुम्हाला? मला ऐकू येत नाही, तुम्हीही ऐकू नका. आठ वर्षं आहेत त्या इथे. आठ वर्षं!

शुक्रवार, १४

भाऊ पुन्हा आला. आज चप्पल काढली, तासभर बसला, चहा घेतला. म्हणाला, “आता कसा माणसात आला.”

मी म्हणाले, ते माणसातच होते, तुम्ही दारात होता. मामांच्या हातावरचा फोड दाखवला. तर तो कौतुकाने म्हणतो, बघा, तक्रार म्हणून नाही! हातातली किटली त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. आतापर्यंत वाटतंय.

मॅडमनी मला मास्तरांबरोबर पाव आणायला पाठवलं. मी गेले. का गेले? परत येते तो राणीच्या दोन घट्ट वेण्या, लाल फिती. मांडीवर हात ठेवून बसलेली. आणि जिन्यामागच्या दारावर आतून तळवे. धाड, धाड, धाड. रेडिओ चालू.

सोमवार, १७

शनिवारीच समाजकल्याण खात्याकडे तक्रार केली होती. आज तपासणीला बाई आल्या, हातात फॉर्म. राणीला विचारलं, सुखी आहेस ना? मान हलली. मामांना विचारलं, मान हलली. मी म्हणाले, आता विचारा, दुःखी आहात का. बाईंनी विचारलं. दोघांच्याही माना तशाच हलल्या.

बाई कसंनुसं हसल्या.

मी त्यांना दंडाला धरून त्या दाराशी नेलं. धाड, धाड. बाई म्हणाल्या, पाइपांचा आवाज असेल. पण दोन पावलं मागे सरकल्या. ऐकलं त्यांनी. ऐकलं आणि फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलं. तिथल्या तिथे, माझ्यासमोर.

मॅडम रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, ताई, तुम्ही फार दमलाय.

बुधवार, १९

पाहुण्यांच्या खोलीत आज एक मुलगी आली. बावीस वर्षांची, आई तिला चिमणी म्हणते. नळाचं पाणी बघून खदखदून हसते, पायात बूट घातला की किंचाळते. आईच्या डोळ्यांखाली काळं. सलग झोप कधी लागली ते तिला आठवत नाही.

मी तिला गेटाशी गाठून सगळं सांगितलं. वाटलं, मला वेडी म्हणेल. तिने खाली मान घालून एवढंच विचारलं, “त्रास होतो का त्यात?”

मी ओरडले तिच्यावर. तोंडाला येईल ते बोलले. ती ऐकून घेऊन निघून गेली. मग कळलं, चुकीच्या माणसावर ओरडले. बावीस वर्षांत एक दुपार कुणी तिची पोर सांभाळली नाही. ना नवरा, ना बहीण, ना शेजार, ना ते फॉर्मवाले. आणि आता सगळे मिळून तिला काय देतायत, तर ही खोली.

गुरुवार, २०

मास्तर सकाळी आत होते. मला कळलंच नाही. मी कोपरा मुद्दाम तसाच ठेवला. ते त्यावरून चालत गेले.

भिंतीतून— नीट. नीट. नीट.

उद्या दोन वाजता चिमणी. मॅडमनी फळ्यावर लिहिलंय. वही आता एप्रनच्या खिशात ठेवते. उद्या दोनच्या आत तिला घेऊन चालू पडायचं. कुठे ते—

शुक्रवार, २१

सव्वाअकरा. तिची आई आली होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. गेटाला धरून ओरडत होती, माझी पोर द्या, नको मला झोप. आणि चिमणी तिच्या खोलीत नाही. मॅडमनी दोनची वाटच पाहिली नाही—

मॅडम जिन्यामागच्या दाराशी उभ्या होत्या. ढकललं मी त्यांना. आत शिरले. चिमणी पलंगावर, डोळे छताला, ओठ हलतायत, आवाज नाही. उचलून ओढली. दाराबाहेर येताच किंचाळली! मला कडकडून चावली. चाव बाई, हवी तेवढी चाव. गेटाशी नेऊन आईच्या अंगावर टाकली तिला. पळा म्हटलं. पळाल्या. दोघी गेल्या, मी पाहिलं.

मागून पाठीवर हात पडला. मऊ. मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही. त्याच हाताने मला त्या खोलीत नेलं.

कडी.

झरोक्यातून उजेड येतोय तोवर लिहिते. हात चावलेल्या जागी ठणकतोय. भीती नाही, संताप आहे. त्या भावाचा, त्या फॉर्मचा, रेडिओचा—

२१. नंतर

ते सगळे इथेच आहेत. अगदी कानाशी. मामा विचारतायत. मी उत्तर दिलं. दिलं बहुतेक.

हात ठणकत नाही.

पलंगाच्या मागे एक बाई शिव्या देतेय. दार उघडा म्हणतेय, एकेकाला बघून घेते म्हणतेय. ओळखीचा आवाज. माझं तोंड बंद आहे.

वरची पानं वाचली. भाऊ तसं म्हणाला. बाईंनी ‘उत्तम’ लिहिलं. पुन्हा वाचलं. बरं. असेल.

ती बाई फार ओरडते. तिला कुणीतरी

कडी वाजली. मॅडम. विचारतायत, आता बरं वाटतंय ना ताई. मान हलतेय. मी हलवत नाहीये. मला म्हणायचंय, लिहून तरी दाखवायचंय, ना