बसच्या पट्टीत गीताबाईची रांगोळी

किन्हवली

चि. सौ. चंदा हीस दादाचे पोटभर आशीर्वाद.

दाजींचं पित्त शमलं असेल अशी आशा आहे (शमलं नसेल तर मिसळ सोडायला सांग, दर खेपेला डॉक्टर सोडतात ते पुरे). इकडे भात झोडून झालं, नवा तांदूळ तुझ्या वहिनीनं तुझ्या नावानं बाजूला काढलाय आणि म्हैस कुणालाही न विचारता आटली आहे. बाकी मजेत. फोन सोडून पत्र कशाला, हे शेवटी कळेल. आधी गंमत ऐक.

आमच्या दिपिकाचं रडगाणं तुला ठाऊकच आहे. पोर कल्याणला नर्सिंग शिकते, आणि उशीर झाला की तिला वॉर्डात घेत नाहीत. आपली सकाळची बस मुरबाडच्या बाजारपेठेत शिरली की तिचं काय होतं ते तू माहेरी येता-जाता भोगलं आहेस. एकीकडे जीपवाले, दुसरीकडे भाजीच्या हातगाड्या आणि मधोमध कुणीतरी टेम्पो लावून निवांत चहा पीत असतो. दिपिका पोचेपर्यंत वॉर्डाचं दार बंद. असं चाललं तर वर्ष हातचं जाईल, म्हणून तिला तिथंच, कल्याणात तुझ्याकडे ठेवायचं ठरलं आणि तू बिचारीनं खाटसुद्धा आणलीस.

एवढ्यात काय झालं, तर त्याच रस्त्यावर बससाठी वेगळी पट्टी आखली. पिवळी रेघ, आत ठसठशीत अक्षरांत ‘फक्त बस’. हातगाड्या पलीकडच्या मैदानात गेल्या, जीपवाले दोन दिवस कुरकुरले आणि गप्प झाले. बाजारपेठेत मोकळी जमीन कुणी पाहिलीच नव्हती गं, लोक बघायला यायचे. (एक म्हातारबुवा उगाचच त्यावरून चालून आले आणि म्हणाले, छान वाटतं.) मी गिरणीत कामाला त्याच बसनं जातो, तेव्हा पहिल्या दिवशी खिडकीत बसून मीही मनात पेढे वाटत होतो.

पण देव आपल्या माणसांना सरळ रस्त्यानं कधी नेतो का? पट्टी जाते ती थेट गीताबाईच्या उंबऱ्याला लागून. ही गीताबाई लग्न होऊन आली तेव्हापासून रोज सकाळी दारात सडा घालून रांगोळी काढते. आजवर दारापुढे हातगाड्या असायच्या, त्यामुळे तिला ताटाएवढ्या जागेत भागवावं लागे. आता बाईला अख्खं अंगण सापडलं! तिनं कमळ काढलं, मोर काढले, लक्ष्मीची पावलं काढली आणि वर हळदीकुंकू वाहिलं. आणि आपला ड्रायव्हर शेखर असा भाविक, की रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तरी बस वळवतो. त्यानं रांगोळी पाहिली, ब्रेक दाबला, पायातली चप्पल काढली आणि नमस्कार करून बस पुन्हा जुन्या गर्दीत घातली.

हे रोज झालं. शेजारी मोकळी पट्टी, पट्टीत मोर, आणि आम्ही टेम्पोच्या मागे. एके दिवशी मीच खाली उतरलो आणि गीताबाईला म्हटलं, जरा अरुंद काढा, म्हणजे दोन्ही चाकांच्या मधून जाईल. बाईनं ऐकलं हो, पट्ट्यासारखी लांबट रांगोळी काढली. तर शेखर म्हणतो, “जगनदादा, वलांडायची ती वलांडायचीच ना? मना नाय जमायचा.” बरं, पुसा म्हणावं तर गीताबाई कंबरेवर हात ठेवून उभी. “लक्षुमीची पावलां पुसू? तुमी पुसता काय तुमच्या घरची?” मी परत बसमध्ये चढलो. दिपिका माझ्याकडे बघतही नव्हती.

मग गेल्या सोमवारी चमत्कार झाला. गीताबाईला डोळे तपासायला कल्याणला जायचं होतं. बाईनं पहाटेच रांगोळी काढली, नाक्यावर जाऊन आमच्याच बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरच्या मागची जागा पकडली. बस नेहमीप्रमाणे गर्दीत रुतली, ती नेमकी तिच्या दारासमोर. पुढे टेम्पो, मागे जीपा, आणि खिडकीबाहेर स्वतःचेच मोर! थोडा वेळ ती कौतुकानं बघत होती. मग चुळबुळ सुरू झाली. मग उठून शेखरच्या खांद्यावर थाप मारली. “घाल रे गाडी पट्टीत.”

“आणि रांगोळी?”

“माजी हाय ना? लक्षुमी घरात यावी म्हणून काढते मी. आता घरचीच लक्षुमी गाडीत अडकून बसलीय, ती काय रांगोळीला घेऊन बसू?”

शेखरनं चप्पल काढली, हात जोडले आणि बस पट्टीत घातली. अख्ख्या बसनं नमस्कार केला. मंगळ्या नावाचा एकजण, जो देवळातही टोपी काढत नाही, तोसुद्धा उभा राहिला! त्या दिवसापासून गीताबाई रांगोळी वरच्या पायरीवर काढते आणि बस वेळेवर धावते. दिपिका आठवडाभर वॉर्डाचं दार उघडायच्या आधी पोचते आहे. मी फार सुखात आहे, चंदा.

सर्वांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझा दादा,
जगन

ता. क. तेव्हा आता पोरीला तिकडे ठेवायची गरज उरली नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

ता. क. २. दिपिकाच्या मात्र आलेलं नाही. ती रविवारी निघायच्या तयारीत आहे, पिशवीसुद्धा भरली. मला विचारायचा धीर होत नाही. फोनवरचं सगळं तीच आधी वाचते, म्हणून हे पत्र. तू एवढंच कर, खाट मोडली असं तिला कळव. घरात पोर नसली की जेवण गिळवत नाही गं.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी तिनं पत्र वाचलं. मला वाटलं, आता भडकणार. तर म्हणाली, “आत्याला खोटा बोलायला नका लावू, बाबा. मी वॉर्डात उशीर होतो म्हणून नव्हते जात. तुमी दिवसभर गिरणीत उभे, आनि सांजच्याला माजी बस येईपर्यंत परत नाक्यावर उभे. पाय सुजलेले दिसतात मना. आता सांजची बसपन टाइमात येते ना, मग मी कशाला जाऊ? पिशवी आधीच भरलेली, ती रिकामी करायची राहिली.” आणि पिशवी रिकामी करायला आत गेली.

खाट मोडू नकोस. रविवारी आम्ही तिघं येतो, तांदूळ घेऊन. जेवल्यावर मला जरा आडवं व्हायला लागेल.