भाषणाच्या मागच्या बाजूला

इन्होचे बाबा,

पहाटेची प्रार्थना झाली की मी तशीच चर्चच्या तळघरात स्वयंपाकाला उतरेन, घरी येणार नाही. सोयाबीनचं सूप गॅसवर आहे, उकळून घ्या. किमची निळ्या डब्यात आहे. शर्टाला इस्त्री केली आहे.

कोटाचं बटण लावताना खिशातलं तुमचं आजचं भाषण वाचलं. चर्चमधल्या बायकांच्या सेवेचा गौरव करताय, चांगलं आहे. पण यादीत 'मिन्जेची आई', 'लाँड्रीवाल्यांची बायको' असं काय लिहिलंय? वीस वर्षं दर रविवारी त्यांच्या हातचं जेवताय तुम्ही. मागच्या बाजूला मी सगळ्यांची नावं लिहिली आहेत, ती वाचा. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा रोज डबा आणायची ती ह्वांग ओक्बुन. इम बोंग्ने वसंतात वारली, तरी तिचं नाव गाळू नका. ती गेल्यापासून मोठं पातेलं उचलायला दोघी लागतात.

टाळ्यांसाठी आम्हाला वर बोलावू नका. दीडशे माणसांचा भात नेमका तेव्हाच शिजत असतो. तळघराच्या जिन्याचं दार तेवढं उघडं ठेवा आणि मोठ्याने वाचा, म्हणजे खाली ऐकू येईल.

शेवटचं नाव माझं आहे, 'छे गप्सुन'. एकेचाळीस वर्षांत तुम्ही ते एकदाही घेतलेलं नाही. निघण्यापूर्वी घरात दोनदा म्हणून बघा, नाहीतर तिथे अडखळाल.